सिकलसेल असलेल्या लेकराचं खाणंपिणं: नुकतंच निदान झालेल्या घरांसाठी

माझ्या मुलीचा 'एसएस पॅटर्न' आहे, म्हणजे आईबाप दोघांकडूनही दोष आल्याने तिला सिकलसेलचा आजारच आहे, हे कळलं तेव्हा ती चार वर्षांची होती. आता तिला पंधरावं लागलंय. आम्ही भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातले. रिपोर्ट हातात पडला त्या दिवसापासून जो भेटेल तो एकच सांगायचा, "रक्त कमी आहे पोरीचं. बीट द्या, डाळिंब द्या, खजूर द्या." आम्ही सगळं केलं. भाजी नसली तरी घरात बीट असायचं. आणि त्याच वर्षी ती तीन वेळा हातापायाच्या दुखण्याने भरती झाली, कारण ज्या गोष्टी खरोखर करायच्या होत्या त्या आम्हाला माहीतच नव्हत्या.

म्हणून सगळ्यात आधी हे समजून घ्या. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते खाणं कमी पडलं म्हणून नव्हे. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांत फुटते. हाडांतला मगज रात्रंदिवस नवीन पेशी तयार करत राहतो. या कामात शरीराची ताकद खर्च होते, वाढीला जे लागतं तेही त्यातच जातं. अन्नाचं काम आहे ही भर टाकत राहणं आणि रक्त वाहतं ठेवणं. विळ्यासारखी झालेली पेशी कुठल्याही फळाने गोल होत नाही, आणि हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलवरची गोळी चालू असेल तर चांगलं खातो म्हणून ती बंद करता येत नाही.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षांत तपासण्या, भरत्या आणि चुका यांतून जे शिकले ते क्रमाने लिहिते.

१. आधी कागद आणि सामान जमवा

एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये हे ठेवा:

- इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा (हिमोग्लोबिन कुठल्या प्रकारचं ते सांगणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट. गावात किंवा शाळेत होते ती सोल्युबिलिटी टेस्ट फक्त चाळणी असते. वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, आजार नसलेला) की रुग्ण हे तिच्यावरून ठरत नाही.
- सिकलसेलचं कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड
- आजवर किती वेळा रक्त चढवलं त्याच्या तारखा, डिस्चार्जचे कागद
- सीरम फेरिटिनचा (अंगात लोह किती साठलंय ते सांगणारा) रिपोर्ट, झाला असेल तर
- चालू औषधांची चिठ्ठी

सोबत एक थर्मामीटर, मापाच्या खुणा असलेली एक लिटरची बाटली आणि एक वही. वजनकाटा घरात नको, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात महिन्यातून एकदा वजन-उंची घेतली तरी पुरतं.

रिपोर्टवर 'एएस' असेल तर मूल वाहक आहे. त्याला घरातल्या इतरांसारखंच जेवू द्या. आमच्या शेजारच्या मुलाचा रिपोर्ट एएस आहे, आणि त्याला दोन वर्षं खेळायला सोडलं नव्हतं. उन्हातान्हात पळताना पाणी भरपूर प्यावं एवढी काळजी त्याला पुरे. पुढचं सगळं 'एसएस' आणि सिकल-थॅलेसेमिया (एकाकडून सिकलसेलचा, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा दोष) असलेल्यांसाठी आहे.

२. पाणी हे औषध समजून द्या

एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. शरीरात पाणी कमी झालं की पेशी आक्रसते, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नळ्यांत अडकते. तेच ते दुखणं. त्यात या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करणं जमत नाही. तहान असो-नसो, पातळ लघवी होतच राहते आणि पाणी निघून जातं.

यातूनच पहिली फसगत होते. मूल रात्री अंथरूण ओलं करतं, म्हणून घरचे संध्याकाळनंतर पाणी तोडतात. आम्हीही सहा महिने तोडलं होतं. ते कधीच करू नका. झोपण्यापूर्वी लघवीला न्या, रात्री एकदा उठवा, खाली प्लास्टिक घाला. पण पाणी द्या.

किती द्यायचं? मुलगी २० किलोची होती तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला दीड ते दोन लिटर सांगितलं होतं. मोठ्या माणसाला साधारण तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. आमची पद्धत अशी: बाटलीवर नेलपॉलिशने तीन रेघा. पहिली रेघ शाळेची प्रार्थना होईपर्यंत, दुसरी खिचडीच्या सुट्टीपर्यंत, तिसरी घरी येईपर्यंत. घरी आली की मी आधी बाटली उचलून बघते, दप्तर नंतर. बाटली भरलेली परत आली त्या रात्री पाय दुखायला लागले, असं इतक्यांदा झालंय की आता तीच रेघेकडे बघून घटाघटा पिते.

ताक, वरणाचं पाणी, पेज, आंबील, लिंबूपाणी सगळं यात मोजा. चहा मोजू नका. फ्रीजमधलं गार पाणी काहींना सोसत नाही, आमच्या मुलीला नाही सोसत, माठाचं चालतं. वर्गशिक्षकांना भेटून सांगा की हिला तासाला पाणी पिऊ द्या आणि मागेल तेव्हा लघवीला सोडा. शाळेचं संडास घाण असतं म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. ते विचारून घ्या, त्या आपणहून सांगत नाहीत.

३. ताटात काय वाढायचं

वेगळं ताट लागत नाही. घरचंच जेवण, पण थोडं जास्त आणि जास्त वेळा. आमच्याकडे चार वेळा असतं: सकाळी शाळेआधी काहीतरी पोटभर, दुपारी जेवण, चारला खाऊ, रात्री जेवण. ही मुलं एका बैठकीत फार खात नाहीत, पटकन थकतात. ताट अर्धं राहिलं म्हणून रागावू नका, दीड तासाने पुन्हा वाढा.

*डाळ आणि अंडं.* रोज दोनदा डाळ किंवा उसळ, आणि परवडेल तसं अंडं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात, ती लेकराच्याच पोटात जाताहेत ना ते बघा. आपल्याकडे तलाव आहेत, बारीक मासळी मिळते. काट्यासकट खाल्ली की कॅल्शियमही मिळतं. लाखोळीची डाळ अधूनमधून चालेल, पण महिनोन्महिने रोज तीच नको. तिने पाय लुळे पडल्याची उदाहरणं जुन्या लोकांना माहीत आहेत.

*मोड.* मूग, मटकी, हरभरा, बरबटी मोड आणून शिजवा. या मुलांत जस्त कमी पडतं आणि त्यामुळे वाढ खुंटते, भूक मंदावते. मोड आल्यावर कडधान्यातलं जस्त अंगाला जास्त लागतं. तीळ आणि भोपळ्याच्या बियांतही जस्त असतं. भोपळा चिरला की बिया फेकू नका. धुऊन उन्हात वाळवा आणि तव्यावर भाजा.

*पाला.* चवळी, पालक, मेथी, शेवगा, चिवळ, पावसाळ्यात कोवळा तरोटा. यातलं फोलेट नवीन पेशी बनवायला लागतं. पण ते पाण्यात उतरतं आणि जास्त शिजवलं की जातं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा, थोडक्यात शिजवा, पाणी फेकू नका. पालकातल्या लोहाला घाबरून (जास्तीचं लोह का वाईट ते चौथ्या भागात सांगते) पालेभाजी बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. १०० ग्रॅम पालकात तीनेक मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं फार थोडं अंगाला लागतं. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम येतं. भीती कशाची धरायची ते यावरून ठरवा.

*हाडांसाठी.* या आजारात हाडं झिजतात, मोठेपणी खुब्याचा सांधा बिघडतो. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आमच्याकडे नाचणी पिकत नाही, पण किराणा दुकानात पीठ मिळतं. दूध-दही जमेल तितकं. 'ड' जीवनसत्त्वही बऱ्याच जणांत कमी सापडतं, त्याची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. औषधाच्या दुकानातून पुड्या आणून मनाने देऊ नका.

*जवस.* विदर्भातल्या प्रत्येक घरात जवसाची चटणी होतेच. त्यातलं ओमेगा-३ तब्येतीला चांगलं, पण रोगावरचा उपाय म्हणून नव्हे, घास जास्त जावेत म्हणून मी ती करते. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण, मीठ, थोडं तिखट घालून कुटायचा, आणि गरम भातावर चटणी घालून वर तेल. तापातून उठलेली मुलगी पहिला पूर्ण भात याच चटणीशी जेवते. तेला-तुपाचा हात आखडू नका. बारीक शरीराला ते हवं असतं.

४. गोळीची पट्टी वाचायला शिका

इथे माझ्याकडून मोठी चूक झाली, म्हणून सावकाश सांगते.

सिकलसेलच्या रुग्णाला फॉलिक ॲसिडची गोळी देतात, बहुतेकदा ५ मिलिग्रॅमची, रोज. ती साधी, छोटी, पिवळसर असते. शाळेत आणि अंगणवाडीत ज्या गुलाबी, निळ्या, लाल गोळ्या देतात त्या लोहाच्या. पण त्यांच्या पट्टीवरही 'फॉलिक ॲसिड' लिहिलेलं असतं, कारण त्यात दोन्ही असतं. दहा वर्षांवरच्या मुलांना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. नाव सारखं म्हणून आपण दोन्ही एकच समजतो.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तालुक्याच्या एका दवाखान्यात हिमोग्लोबिन ८ बघून लोहाचं टॉनिक लिहून दिलं. आम्ही आठ महिने पाजलं. त्याआधी तिला चार वेळा रक्त चढलेलं होतं. नंतर मोठ्या दवाखान्यात फेरिटिन तपासलं, ते खूप वाढलेलं निघालं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठतं.

म्हणून फेरिटिन तपासल्याशिवाय लोहाची गोळी, टॉनिक, 'रक्त वाढवणारं' चूर्ण काहीच नको. तपासणी मूल बरं असताना करा. ताप किंवा दुखणं चालू असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं. लोह कधीच द्यायचं नाही असंही नाही. काही मुलांत सिकलसेलही असतो आणि लोहही खरंच कमी असतं, तेव्हा डॉक्टर स्वतः देतात. शाळेला आणि आशाताईंना लेखी कळवा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिला निळी गोळी देऊ नये. जंतनाशक गोळी मात्र चुकवू नका, आकडकृमी रक्तच पितात.

हिमोग्लोबिन ७ ते ९ असणं हे बऱ्याच एसएस मुलांचं नेहमीचं असतं. आपल्या लेकराचा बरं असतानाचा आकडा पाठ करून ठेवा. नवीन डॉक्टर 'आठच आहे, रक्त चढवू' म्हणाले तर नेहमीचा आकडा सांगा.

रेशनच्या तांदळाबद्दलही विचारतात. त्यात थोडे वेगळे, गुळगुळीत दाणे दिसतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून ते बनवतात आणि शंभर दाण्यांमागे एक असे मिसळतात. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. अशा पाकिटांवर सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा असायचा. सरकारी समितीने पुरावे तपासल्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हा तांदूळ सिकलसेलच्या रुग्णांनाही सुरक्षित असल्याचं सांगितलं. आम्ही तो खातो. वारंवार रक्त चढत असेल किंवा लोह काढायचं औषध चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. पण दाणे वेचून टाकताना मूल उपाशी राहू नये.

आणखी एक. पूर्ण शाकाहारी घर असेल तर बी-१२ तपासा. हायड्रॉक्सीयुरियाने लाल पेशी तशाही मोठ्या दिसतात, त्यामुळे साध्या रक्त तपासणीत बी-१२ ची कमतरता झाकली जाते.

५. डोळे पिवळे दिसले म्हणून पथ्य धरू नका

सासूबाई त्या दिवशी अंगणात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खालची पापणी ओढून म्हणाल्या, "पोरीचे डोळे पाहा, हळदीवानी झाले. आजपासून वरणात हळद नाही, तेल नाही, नुसता भात आन् उसाचा रस." दुसऱ्या दिवशी काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. पंधरा दिवसांत मुलीचं दीड किलो वजन उतरलं. त्यांनी मायेपोटीच केलं होतं, आणि मलाही तेव्हा काही कळत नव्हतं.

या मुलांचे डोळे पिवळसर असतातच. पेशी सतत फुटतात, त्यातून निघणारं पिवळं द्रव्य डोळ्यांत दिसतं. संसर्गाची कावीळ ती वेगळी. हळद बंद केल्याने डोळे पांढरे होत नाहीत, आणि तेल-डाळ बंद केल्याने आधीच बारीक लेकरू आणखी वाळतं. पिवळेपणा अचानक खूप वाढला, लघवी गडद झाली, सोबत ताप किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर दवाखान्यात दाखवा. पेशी सतत फुटण्यामुळेच पित्ताशयात खडेही होतात; तळलेलं खाल्ल्यावर तिथे कळ येत असेल तर सोनोग्राफी लागते.

६. अन्न नीट शिजलेलं, पाणी उकळलेलं

सिकलसेलमध्ये प्लीहा (पोटात डावीकडे असते, रक्तातले जंतू गाळते) लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे काही जंतूंशी लढायची ताकद उरत नाही. साल्मोनेला हा त्यातला एक; इतरांना त्याने जुलाब होतात, या मुलांच्या हाडात तो घर करतो. म्हणून अंडं बलक घट्ट होईपर्यंत उकडा, अर्धकच्चं ऑम्लेट नको. कोंबडी हाडाजवळ लाल दिसता कामा नये. कच्चं दूध नको. जत्रेतली पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा यांना मी ठाम नाही म्हणते; तिला वाईट वाटतं, मग घरी पुऱ्या आणून उकळलेल्या पाण्याची करून देते.

मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ खात असेल तर मारू नका. सिकलसेलमध्ये हे बरंच दिसतं. डॉक्टरांना सांगा.

७. दुखण्याच्या दिवसांत

दुखणं उठलं की पहिल्यांदा भूक जाते. त्या दिवशी जेवणाचा आग्रह नको, प्यायचा आग्रह धरा. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. कोमट पाणी, पातळ पेज मीठ घालून, मुगाच्या वरणाचं पाणी. उलटी-जुलाब असतील तर ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. अंग गरम राहील असं पांघरा. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी नको, आधी दोन घास किंवा अर्धी वाटी पेज. काही दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, तेव्हा पपई, पालेभाजी आणि पुन्हा पाणी.

दुखणं थांबल्यावरचा आठवडा महत्त्वाचा. भूक परत येते आणि गेलेलं वजन तेव्हाच भरून निघतं. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज अंडं आणि शेंगदाणा-तिळाचा लाडू असतो, मग घरात इतरांना नसला तरी चालेल.

८. उपास, लग्न, शेत आणि मोठं झालेलं मूल

निर्जळी उपास नाही. हरतालिकेला माझी मुलगी हट्टाला पेटली होती. तिला फळं, दूध आणि दर तासाला पाणी या अटीवर धरू दिला. लग्नाच्या वऱ्हाडात उन्हात तासन्‌तास पाणी मिळत नाही, बाटली सोबत न्या. तेंदूपत्ता तोडायला किंवा मोह वेचायला जाणाऱ्यांनी पहाटे पेज पिऊनच निघावं. रोवणीत दिवसभर गार पाण्यात उभं राहणं या रुग्णांना झेपत नाही, त्याला आळस म्हणू नका.

मुलगे मोठे झाले की खर्रा आणि दारू येते. तंबाखूने नळ्या आकसतात, दारूने अंगातलं पाणी जातं. मोहाची घरची आहे म्हणून ती वेगळी ठरत नाही. व्यायामशाळेतले प्रथिनांचे किंवा ग्लुटामिनचे डबेही स्वतःहून नकोत. ग्लुटामिन हे सिकलसेलसाठी अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं औषध आहे, पण त्याची मात्रा डॉक्टर वजनावर ठरवतात.

९. वही, आणि कधी निघायचं

वहीत रोजचं लांबलचक नको. महिन्याचं वजन-उंची, दुखण्याची तारीख आणि आदल्या दिवशी काय झालं होतं: ऊन, थंडी, पाणी कमी, परीक्षा, ताप. वर्षभरात आपल्या लेकराचं कशाने बिघडतं ते दिसायला लागतं. तीन महिने वजन वाढलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणि यांपैकी काही झालं तर काय खाऊ घालू याचा विचार न करता निघा: ताप १०१ च्या वर, श्वास लागणं किंवा छातीत दुखणं, अचानक फार पांढरं पडणं, डाव्या बाजूला पोट फुगणं, हातपाय किंवा बोलणं लुळं पडणं, लिंगाचा ताठरपणा दुखत राहणं, किंवा काही केल्या पाणी पोटात न टिकणं.

निघताना फाईल, वही, चालू औषधं, स्वेटर आणि भरलेली बाटली घ्या. खिडकीवर नाव सांगायच्या आधी "सिकलसेल, एसएस आहे, ताप आहे" एवढं मोठ्याने सांगा. रांगेत उभं राहावं लागलं तरी बाटली लेकराच्या हातातच असू द्या.